मास्टवरचा गॅलेक्स संग्रह: दीर्घिका निवडायला उत्तम, तारे ओळखायला अपुरा

म्हाताऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत लाल, थंड तारेच उरायला हवेत. तरी कित्येकींतून दूर-अतिनील प्रकाश येतो. १९६८ साली सोडलेल्या ओएओ-२ उपग्रहाने देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यात तो प्रथम टिपला. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हाच विषय घेतला असेल, तर बडोद्यात बसून बाल्टिमोरच्या मास्ट संग्रहातून गॅलेक्स दुर्बिणीची चित्रं फुकट मिळतात, लॉगिनही लागत नाही. एक चित्र उलगडल्यावर सुमारे ५९ एमबी. दांडिया बाजारातलं साधं ब्रॉडबँडही पुरतं.

शोधताना आधी एफयूव्ही (दूर-अतिनील) एक्स्पोजरचा रकाना बघा. एफयूव्ही डिटेक्टर २००९ मध्ये बंद पडला, त्यानंतरची निरीक्षणं फक्त एनयूव्हीची (जवळ-अतिनील). मग एक्स्पोजरची वेळ बघा. सर्वआकाश पाहणीत जेमतेम १०० सेकंद मिळतात. एफयूव्हीत १९.९ प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकी मंद) दीर्घिकेतून सेकंदाला ०.३७ फोटॉन मोजले जातात, म्हणजे एकूण ३७. पार्श्वभूमी धरायच्या आधीच १६ टक्के चूक पदरात. १५०० सेकंदांचं चित्र असेल तर तेच घ्या.

तयार कॅटलॉगवर मात्र भरवसा ठेवू नका. मोठ्या दीर्घिकेचे तो तुकडे पाडतो आणि एकाच तुकड्याची प्रत देतो. 'इंट' फाइल (सेकंदाला किती फोटॉन, त्याचं चित्र) उतरवा, डीएस९ या चित्रं बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ आखून स्वतः मोजा. शून्यबिंदू, म्हणजे सेकंदाला एक फोटॉन देणारी प्रत, एफयूव्हीला १८.८२, एनयूव्हीला २०.०८. एफयूव्हीत पार्श्वभूमीसाठी मध्यक घेऊ नका, सरासरी घ्या. फोटॉन इतके विरळ की मध्यक बऱ्याचदा शून्यच येतो. दीर्घिका चित्राच्या कडेला असेल तर आकाशाच्या त्याच भागाचं दुसरं चित्र (टाइल) शोधा, कडेवर खोटे डाग फार.

ज्यांचा अतिनील प्रकाश म्हाताऱ्या ताऱ्यांचाच, अशा दीर्घिका निवडायची गाळणी रंगांवर, म्हणजे दोन पट्ट्यांतल्या प्रतींच्या फरकावर, चालते (आर म्हणजे दृश्य प्रकाशाचा लाल पट्टा): एनयूव्ही-आर ५.४ पेक्षा जास्त, एफयूव्ही-एनयूव्ही ०.९ पेक्षा कमी, एफयूव्ही-आर ६.६ पेक्षा कमी. पहिली अट सोडली की चिमूटभर तरुण तारे असलेल्या दीर्घिकाही 'म्हाताऱ्या' म्हणून आत शिरतात. आर-पट्ट्याची प्रत त्याच वर्तुळातून घ्यायची, हे बरेच जण विसरतात.

पण हा अतिनील प्रकाश देणारे तारे नेमके कोणते, ते गॅलेक्स सांगत नाही. त्याचा पाच आर्कसेकंदांचा ठिपका म्हणजे देवयानीच्या अंतरावर सुमारे १९ पार्सेक. देवयानीशेजारच्या एम३२ या छोट्या दीर्घिकेत हबल दुर्बिणीनेच तारे सुटे केले, तेव्हा हेलियम जाळणारे, हायड्रोजनचं कवच जवळजवळ गमावलेले क्षैतिज शाखेच्या निळ्या टोकाचे तारे दिसले. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण दीड आर्कसेकंदापर्यंत जाते. तिचं एनयूव्ही २०१८ पासून बंद असल्याने एफयूव्ही-एनयूव्ही रंगासाठीची एनयूव्ही प्रत पुन्हा गॅलेक्सकडूनच घ्यावी लागते.