चाळीस घरांची रूट झोन शय्या : तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

आमच्या चाळीस घरांच्या वस्तीचे सांडपाणी तीन वर्षांपासून रूट झोन पद्धतीच्या, म्हणजे झाडे लावलेल्या खडीच्या थरातून (शय्येतून) पाणी नेणाऱ्या, प्रकल्पात शुद्ध होते. देखरेखीच्या गटात मी पहिल्या दिवसापासून असल्यामुळे त्याचे गुणदोष दोन्ही जवळून पाहिले आहेत.

घरांतून आलेले पाणी आधी दोन कप्प्यांच्या सेप्टिक टँकमध्ये जाते. तेथे गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी केवळ उताराच्या जोरावर खडीच्या शय्येत शिरते. सुमारे ६० सेंटिमीटर खोलीच्या या खडीत बोरू आणि कर्दळ लावलेली आहे. पाणी पृष्ठभागाच्या खालून वाहत असल्याने डास होत नाहीत आणि दुर्गंधीही जवळजवळ नसते. झाडेच घाण शोषून घेतात असा पुष्कळांचा समज असतो; प्रत्यक्षात मुख्य काम खडीला आणि मुळांना चिकटून वाढणारे जिवाणू करतात. १९५०च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी पाणवनस्पतींवर जे प्रयोग केले, त्यांतून ही पद्धत पुढे विकसित होत गेली.

बाहेर पडणारे पाणी काचेच्या बाटलीत धरले की स्वच्छ दिसते, किंचित मातीचा वास येतो. मात्र स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. आम्ही ते झाडांना देतो, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना नाही. शिवाय आमच्यासारख्या आडव्या प्रवाहाच्या शय्येत, जिथे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहते, प्राणवायू कमी पडत असल्याने अमोनिया फारसा कमी होत नाही; ती अपेक्षा असेल तर थांबून थांबून वरून खाली पाणी सोडणारी उभ्या प्रवाहाची शय्या घ्यावी.

माझी खरी तक्रार विक्रीच्या वेळी दिलेल्या आश्वासनाबद्दल आहे. प्रकल्प उभारणाऱ्यांनी ‘देखभाल लागत नाही’ असे ठामपणे सांगितले आणि आम्ही ते खरे मानले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस शय्येच्या तोंडाशी पाणी वर साचू लागले. फावड्याने खडी उकरली तेव्हा दगडांमधल्या फटी काळ्या, बुळबुळीत गाळाने गच्च भरलेल्या निघाल्या. टँकमध्ये पांढरे फडके गुंडाळलेली काठी उभी सोडून पाहिली, तर फडके निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत काळे झाले होते. गाळ आणि साय मिळून टँकची एक तृतीयांश खोली व्यापली की उपसा करायला हवा होता. तो न झाल्याने गाळ पुढे सरकला. तोंडाकडची दोन मीटर खडी काढून धुवावी लागली, आणि हे काम किती किळसवाणे असते ते ज्याने केले त्यालाच कळते.

यांत्रिक हवा देणाऱ्या प्रकल्पाशी तुलना केली तरी लहान वस्तीसाठी मी हीच पद्धत निवडेन, कारण यांत्रिक प्रकल्पात वीज गेली की हवा फुंकणारा ब्लोअर थांबतो आणि वीज बराच काळ आली नाही तर जिवाणूच मरू लागतात. जागा मात्र भरपूर लागते : थंड प्रदेशात माणशी साधारण ५ चौरस मीटर, उष्ण प्रदेशात त्याहून कमी. ज्यांच्याकडे तेवढी जमीन नाही, त्यांनी हा विचार सोडून द्यावा.

करार करताना गाळउपसा कोण करणार हे लिहून घ्यावे आणि टँकचे झाकण एका माणसाला उचलता येईल असे मागावे. आमचे झाकण उचलायला तिघे लागतात, म्हणूनच दोन वर्षे ते कोणी उघडले नव्हते.