हाताने चालणारा रेडिएटर प्रेशर टेस्टर: तापणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी कितपत उपयोगी?

जुनी स्पोर्ट्स कार तापू लागली की बहुतेक मालक आधी नवा रेडिएटर, मग वॉटर पंप, मग विजेवर चालणारा पंखा अशी खरेदी करत जातात आणि तरीही तापमानाचा काटा वर चढतच राहतो. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. कूलिंग सिस्टीम दाब धरते की नाही, हा प्रश्न सर्वांत आधी निकालात काढला पाहिजे, आणि त्यासाठी हाताने चालणाऱ्या प्रेशर टेस्टरइतके सोपे साधन दुसरे नाही. मी वापरतो त्या संचात एक छोटा हातपंप, त्यावर बसवलेला दाबाचा मीटर, एक रबरी नळी आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारे निरनिराळ्या मापांचे अडॅप्टर आहेत. गाडी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. 1962 ते 1980 या काळात बनलेल्या या गाडीचे 1798 सीसीचे इंजिन बिडाचे असल्यामुळे ते चांगलेच दणकट आहे, परंतु एकदा अति तापले की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) जाण्याची भीती असतेच.

दाबाला एवढे महत्त्व का, हे आधी सांगितले पाहिजे. उघड्या भांड्यातले पाणी समुद्रसपाटीला 100 अंश सेल्सिअसला उकळते. बंद सिस्टीममध्ये दर 1 पीएसआय (दर चौरस इंचावर एक पौंड) दाबामागे हा बिंदू साधारण दीड अंशाने वर सरकतो, म्हणजे सुरुवातीच्या एमजीबीला असणारी 7 पीएसआयची कॅप, म्हणजे रेडिएटरचे दाब धरणारे झाकण, नीट काम करत असेल तर साधे पाणीही सुमारे 111 अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचे रबर कडक झाले किंवा कुठे बारीक गळती असली की ही सवलत संपते. मग तापमानाच्या मीटरवर काटा अजून धोक्याच्या खाली दिसत असतानाच हेडच्या आत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, पाण्याची वाफ होऊ लागते आणि वाफ पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नसल्यामुळे तेवढाच भाग आणखी तापतो. गळती दिसत नाही, रेडिएटर स्वच्छ आहे आणि तरी गाडी तापते, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

टेस्टर वापरायची पद्धत सोपी असली तरी शिस्तीने करावी लागते. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढायची, पाणी काठोकाठ भरायचे, अडॅप्टर बसवायचा आणि कॅपवर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच पंप मारायचा. त्यापुढे जाण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या पितळी रेडिएटरचे डाखकाम आणि हीटरची जाळी जादा दाबासाठी बनवलेली नसते. दहा-पंधरा मिनिटे काटा हलला नाही, तर बाहेरची गळती जवळजवळ नाहीच असे धरायला हरकत नाही. काटा उतरू लागला की विजेरी घेऊन शोध सुरू करायचा: वॉटर पंपाच्या खालचे बारीक भोक, होज पाइपांच्या क्लिपा, हेडवर बसवलेला हीटरचा व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅटच्या झाकणाचे पॅकिंग. इंजिन गरम असताना या ठिकाणची गळती तिथल्या तिथे वाळून जाते आणि मागे फक्त पांढरट किंवा हिरवट डाग उरतो. थंड इंजिनावर दाब दिला की त्याच जागी थेंब धरताना प्रत्यक्ष दिसतो, आणि या साधनाचे खरे मोल मला तिथेच वाटते.

बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा मात्र उतरतो आहे, अशा वेळी दाब तसाच ठेवून काही वेळाने स्पार्क प्लग काढावेत आणि इंजिन स्टार्टरने फिरवावे. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा आला, तर गळती त्या सिलिंडरमध्ये होते आहे हे नक्की. याउलट थंड इंजिन सुरू केल्याबरोबर, पाणी गरम होण्याआधीच दाब झपाट्याने चढू लागला, तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) शिरत आहेत असे समजून इंजिन लगेच बंद करावे. वायूंची रासायनिक चाचणी मी तरीही करून घेईन, कारण हेड उतरवणे हे मोठे काम आहे आणि त्यासाठी दोन पुरावे असलेले बरे.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार मीटरची आहे. असे बहुतेक संच आधुनिक गाड्यांसाठी बनतात, त्यामुळे मीटरची पट्टी 30-35 पीएसआयपर्यंत जाते आणि 7 किंवा 10 पीएसआयच्या गाडीवर काटा पहिल्या तृतीयांशातच घुटमळतो. अर्ध्या पीएसआयची घसरण तिथे डोळ्यांना जेमतेम कळते, आणि सावकाश होणाऱ्या गळतीत नेमकी तेवढीच घसरण महत्त्वाची असते. मीटरचा आटा जुळत असेल तर 0 ते 15 पीएसआयचा मीटर बसवून घ्यावा. त्यानंतर हे साधन जुन्या गाडीसाठी खऱ्या अर्थाने योग्य होते. दुसरी तक्रार नळीच्या जोडाची. तो जोड स्वतःच किंचित गळत असेल तर दोष उगाच गाडीच्या माथी बसतो, म्हणून खात्रीची चांगली कॅप दुतोंडी अडॅप्टरवर लावून आधी टेस्टरचीच परीक्षा घ्यावी. याच अडॅप्टरवर जुनी कॅप तपासता येते, आणि ती किती दाबाला सुटते हे पाहिल्याशिवाय मी रेडिएटरला हात लावत नाही.

या साधनाकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. गाडी फक्त उभी असताना तापत असेल तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहात, म्हणजे पंख्यात, त्याच्या पट्ट्यात किंवा रेडिएटरभोवतीच्या फटींत असतो. वेगात असताना तापत असेल तर चोंदलेला रेडिएटर, आत दबणारा खालचा होज किंवा मागे पडलेले इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) यांच्याकडे पाहावे लागते. बिडाच्या ब्लॉकच्या मागच्या भागात साचलेला गंजाचा गाळ तर दाबाच्या कोणत्याही चाचणीत दिसणार नाही. त्यासाठी ब्लॉकचा ड्रेन उघडून आतून धुणे हाच उपाय आहे.

संच घेण्यापूर्वी आपल्या रेडिएटरच्या तोंडाची खोली मात्र अवश्य मोजावी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत वरच्या कडेपासून आतल्या बैठकीपर्यंत काही ठिकाणी पाऊण इंच, तर काही ठिकाणी एक इंच अंतर असते. खोल तोंडावर आखूड कॅप वरून व्यवस्थित बसलेली दिसते, पण तिचे खालचे रबर बैठकीला टेकतच नाही आणि सिस्टीममध्ये दाब कधीच तयार होत नाही. अडॅप्टरलाही हाच नियम लागू आहे. माझ्या संचात दोन्ही मापांचे अडॅप्टर होते, सर्वच संचांत ते असतील असे गृहीत धरू नये.