हॉलची टेराकोटा भिंत, नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीआधी लातूरच्या आमच्या घरी हॉलची एक भिंत टेराकोटा रंगात करून घेतली. हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा पाहून झाला, म्हणून आता लिहिते. हा रंग मनात बसला तो धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयात. सातवाहनकाळातल्या भाजक्या मातीच्या मूर्तींचा, ना धड लाल ना तपकिरी, असा रंग.

शेडकार्डावर फसलेच होते. बोटभर चौकोनात जो मवाळ वीटकरी वाटला, तो २ बाय २ फुटांच्या नमुन्यावर संध्याकाळच्या उन्हात थेट नारिंगी झाला. आमची खिडकी पश्चिमेला. रंगारी दादा म्हणाले, "ताई, हे लई भडक दिसायलंय. जरा मातकट घ्या." त्यांचंच बरोबर होतं. दुकानात मशीनवर लाल आणि पिवळ्या ऑक्साइडसोबत थोडं काळं घालून घेतलं, नमुना तीन दिवस भिंतीवर ठेवला आणि मगच डबे घेतले. उन्हाच्या खोलीला कार्डावर आवडेल त्याहून मातकट छटा घ्यावी. अंधाऱ्या खोलीत मात्र तीच मळकट दिसते.

दिव्यांचा विचार आधी केलाच नव्हता. पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली भिंत विटल्यासारखी दिसायची. ३००० केल्विनचे पिवळसर बल्ब लावले आणि त्याच भिंतीत ऊब आली. समई लावली की तर काय, मागची भिंत आव्यातून नुकत्याच काढलेल्या मडक्यासारखी दिसते. सासूबाई म्हणतात, "गावाकडं जोत्याला काव दिल्यावाणी वाटायलंय." त्या रोज संध्याकाळी तिथंच बसतात.

बाकीच्या तीन भिंती आधी पांढऱ्याशुभ्र होत्या. शेजारी डोळ्याला टोचायच्या. सायीच्या रंगाच्या केल्या तेव्हा जमलं. राखाडी-निळसर शहाबादी फरशी या रंगाला फार शोभते. जुने मरून पडदे मात्र भिंतीशी भांडत होते, ते काढून खादीचे न रंगवलेले लावले. सागवानी कपाट या भिंतीला लावू नका, लाकूड त्यात विरून जातं.

"उन्हाळ्यात अंगावर येईल" असं सगळे म्हणत होते. मे महिन्यात दुपारी पडदे ओढले की भिंत पाणी भरलेल्या माठासारखी शांत वाटायची. रंग उडालेला नाही. परवा कॅलेंडर काढलं, खालची आणि बाजूची छटा एकच निघाली. लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग उन्हाला टिकतात, ते खरं आहे.

आता तक्रार. भिंत १२ बाय १० फूट, म्हणून २ लिटर आणले. पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारूनही खालचं पांढरं डोकावत होतं. तिसऱ्या हातासाठी आणखी १ लिटर नव्याने मिसळून आणलं आणि ते सगळं संपलं. पुढे खिळ्याचं भोक बुजवून पहिल्या डब्यातल्या उरलेल्या रंगाने टचअप केलं, तर रुपयाएवढा फिकट डाग उमटला. दोन वेळचं मिश्रण तंतोतंत जुळलं नव्हतं. प्रायमरलाच थोडा रंग देऊन घेतला असता तर दोन हातांत भागलं असतं. शिवाय मॅट फिनिश घेतल्यामुळे दिवाणाच्या वर डोकं टेकतं तिथे तेलकट खूण पडली आहे, आणि ओल्या फडक्याने पुसलं की तेवढीच जागा चकाकते.

दसऱ्याला पॅसेज करायचा आहे. रंग हाच, पण सगळे डबे एकदम घेऊन मोठ्या बादलीत एकत्र ढवळायचे, आणि या वेळी धुता येणारं, हलक्या चमकेचं फिनिश.