बुडी एकीकडे, जेवण दुसरीकडे: हॅवलॉक, नील, लक्षद्वीप की तारकर्ली?

आमच्या लातुरात अंदमानचं नाव वर्षातून एकदाच तोंडी येतं. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पेपरात 'मान्सून अंदमानात दाखल' अशी बातमी येते आणि पारावर सोयाबीनच्या बियाण्याची बोलणी सुरू होतात. सहलीला निघालेल्याने ही बातमी उलटी वाचायची. समुद्र खवळणार, पाणी गढूळ होणार, स्कूबाची, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून, बुडी मारायचे दिवस सरले. शाळेच्या सुट्टीपायी मेमध्येच जाणं भाग असेल तर पहिला पंधरवडा धरा. खरा मोसम जानेवारी ते एप्रिल. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस गाठू शकतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे चुलतभाऊ. घरात सातवीतलं पोरगं, बायको आणि माळकरी आई. 'समुद्राखाली जायचंय, पण आईची उपासमार नको,' एवढंच त्याचं म्हणणं. मी तारकर्ली आणि अंदमान दोन्ही माझ्या आईला घेऊन केलंय, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

तारकर्ली सगळ्यात सोपी. सोलापूर-कोल्हापूर करत फोंडा घाट उतरला की सकाळी मालवण. विमान नाही, खर्चही अंदमानच्या मानाने किरकोळ. आणि जेवण! मासे खाणाऱ्याला सुरमई, तिसऱ्या, कोंबडी-वडे हे सांगायलाच नको. पण मला नवल वाटलं ते आईच्या ताटाचं. घरगुती खाणावळीत काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, सोलकढी आणि वाफाळती कुळथाची पिठी आली. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं बया, हे तर आपलं हुलग्याचं माडगं की!" पुढचे तीन दिवस तिने दुसरं काही मागितलं नाही.

पाण्याखाली मात्र हिरमोड झाला. ज्याच्याकडे गेलो त्याने फायबरच्या होडीतून नेलं, दहा-बारा मिनिटं शिडीजवळच घुटमळवलं, हातात ब्रेडचा तुकडा देऊन माशांसोबत व्हिडिओ काढला आणि वर घेतलं. चार-पाच हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. सगळेच असे नसतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, आणि शिकायचंच असेल तर आधी तिथे चौकशी करा. पण किनाऱ्याजवळचं पाणीच तसं आहे, त्याला कोणी काय करणार? पावसाळ्यात तर हे सगळं बंदच असतं. तारकर्लीला जेवायला जा, सिंधुदुर्ग किल्ला बघा. बुडी मारली तर बोनस समजा.

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नेमकं उलटं. २०१८ पासून त्याचं सरकारी नाव स्वराज द्वीप, पण बोटवाले आणि डायव्हिंगवाले अजून हॅवलॉकच म्हणतात. चेन्नई किंवा कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि तिथून खासगी फेरीने साधारण दीड-दोन तास. सरकारी बोट स्वस्त पडते, वेळ जास्त घेते. भारतीयांना या बेटांसाठी परवाना लागत नाही.

पोहता येत नसलं तरी पहिली बुडी मारता येते. आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव होतो, मग प्रशिक्षक मागून टाकी धरून तुम्हाला खाली नेतो. जास्तीत जास्त १२ मीटर, म्हणजे आमच्याकडची सहा-सात परस विहीर. वयाची अट १० वर्षांची, त्यामुळे सातवीतलं पोरगं चालतं. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर लपवू नका. सर्दी असेल त्या दिवशी बुडीचा विचारच सोडा.

गंमत म्हणजे त्रास मलाच झाला, आणि मी तर पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला. विहिरीत मुटका मारताना छातीत दम भरून धरायचा, ही सवय हाडात मुरलेली. स्कूबाचा पहिला नियमच असा की श्वास कधी रोखायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते, आणि रोखून धरली तर इजा होते. दुसरं कानाचं. हातभर खाली गेलं की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान दुखायची वाट बघायची नाही. बायकोला पोहता येत नाही, पण तिने सांगितलं तेवढंच केलं आणि निवांत पोपटमासे बघत बसली. मी दोनदा वर येऊन तिसऱ्यांदा जमवलं.

हॅवलॉकला किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात जेवाल तर खिसा रिकामा होईल, कारण बरंचसं सामान जहाजाने येतं. बाजारात बंगाली कुटुंबांच्या साध्या खाणावळी आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्यांना इथे वसवलं होतं. भात, डाळ, भाजी आणि मासा अशी थाळी मिळते. मोहरीचा झणका मला आवडला, आईला नाही. शिवाय मासा तळलेल्या कढईचा संशय. दोन दिवस ती घरून नेलेल्या धपाट्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर होती.

अंदमानातल्याच नीलला, म्हणजे शहीद द्वीपला, पोचल्यावर तिचा चेहरा खुलला. बेट लहान, पण भाजीपाल्याची शेती आहे आणि इथली भाजी पोर्ट ब्लेअरला जाते. वांगी, भेंडी, भोपळा ताजा. बुडीची ठिकाणं हॅवलॉकएवढी नाहीत, पण भरतपूरच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहे आणि काचेच्या तळाची होडी मिळते. पाय न भिजवता आईने प्रवाळ पाहिलं. पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "एवढं पाणी, अन् घागरभर प्यायला न्हाई." २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा ती रांगेत उभी राहिलेली बाई आहे.

राहिलं लक्षद्वीप. सरोवरासारखं निळं पाणी, गर्दी कमी. पण परवाना आपल्यालाही लागतो, आणि बहुतेक कोचीहूनच अगत्ती बेटाचं विमान किंवा जहाज धरावं लागतं. जेवणात टुना, नारळ, भात. बंगारम बेट सोडून दारूबंदी, त्याची आम्हाला अडचण नाही. मासे खाणारं जोडपं असाल आणि कागदपत्रांचा कंटाळा नसेल तर जरूर जा. माळकरी आईला घेऊन नको.

म्हणून भावाला सांगितलं: फेब्रुवारीत पोराची चार दिवस शाळा बुडव, हॅवलॉकला दोन रात्री, नीलला दोन. बुडी हॅवलॉकलाच उरकून घे, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, कारण एकापेक्षा जास्त बुड्या मारल्या तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात. शंख-प्रवाळ पिशवीत टाकू नकोस, विमानतळावर काढून घेतात आणि गुन्हाही होतो. उजाडतं साडेपाचच्या आतच आणि संध्याकाळी साडेपाचलाच अंधारायला लागतं, त्यामुळे आईच्या काकड आरतीच्या वेळेला सगळे उठतील. धपाटे चार दिवसांचे घे, पण बुडीच्या सकाळी तू एकच खा.