पॉडला आयपी कोणी द्यायचा: नोडने की क्लस्टरने?

कुबरनेटिसमध्ये प्रोग्रॅम पॉड नावाच्या छोट्या खोक्यांत चालतात; पॉड ज्या मशीनवर चालतो ते नोड, आणि अशा मशीनचा गट म्हणजे क्लस्टर. प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता लागतो. पाच-सहा मशीनचं क्लस्टर असेल तर माझ्या मते निवड फ्लॅनेल आणि कॅलिको या दोन नेटवर्क प्लगइनमध्येच असते. फ्लॅनेल घेतलं की प्रत्येक नोडला पॉडसाठी ठेवलेल्या रेंजचा २५६ पत्त्यांचा एक /२४ तुकडा कायमचा मिळतो आणि त्यातले पत्ते नोड स्वतःच वाटतो. कॅलिकोचं आयपॅम, म्हणजे पत्ते वाटायची यंत्रणा, घेतलं तर ६४ पत्त्यांचे /२६ ब्लॉक गरजेप्रमाणे नोडकडे जातात आणि कुणाला काय दिलं याची नोंद एकाच ठिकाणी, क्लस्टरच्या डेटास्टोअरमध्ये राहते. राउटर मशीनना आपोआप पत्ते वाटतो त्या डीएचसीपीकडून पत्ते घ्यायचा तिसरा मार्गही आहे. आम्ही तो एक दुपार करून पाहिला आणि सोडला.

फ्लॅनेलवर आम्ही दीड वर्ष काढलं. १०.२४४.३ ने सुरू होणारा पत्ता दिसला की पॉड कुठल्या नोडवर आहे ते कुणाला न विचारता कळायचं. ते सुख अजून आठवतं. नोडवर पॉडची डिफॉल्ट मर्यादा ११०, पत्ते अडीचशेच्या वर. कमी पडणार कसे?

पडले. आमचं ऑफिस गोव्यात पर्वरीला, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस आहे, पण त्याच्या बॅटऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. नोडवर पत्ते वाटणारा होस्ट-लोकल प्लगइन दिलेल्या प्रत्येक पत्त्याच्या नावाची एक फाइल डिस्कवर ठेवतो. पॉड रीतसर बंद झाला की ती पुसली जाते. मशीनच धाडकन बंद पडलं तर काही फायली तशाच मागे राहतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी गोणपाट टाकून जागा धरावी, स्वतः केव्हाच घरी जावं, आणि त्या गोणपाटाला हात लावायला कुणी धजू नये, तसं. दोन महिने हे साचत गेलं. चवथीच्या आदल्या सोमवारी, सगळ्यांचं लक्ष गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाकडे असताना, एका नोडवर नवे पॉड उठेनात. लॉगचं म्हणणं, रेंजमध्ये पत्ते शिल्लक नाहीत. पॉड मोजले तर चाळीससुद्धा नव्हते! बाकीचे नोड ठणठणीत, त्यामुळे माझा अख्खा दिवस त्या एका मशीनच्या केबलवर आणि स्विचवर संशय घेण्यात गेला.

उपाय नाही असं नाही. क्युबलेट (नोडवर पॉड चालवणारा प्रोग्रॅम) उठायच्या आधी त्या फायली पुसणारी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली, ती चाललीही. पण हिशेब जुळावा म्हणून दर वेळी वहीच फाडायची, हे मला पटेना. म्हणून कॅलिकोवर गेलो.

कॅलिकोच्या नोंदीत पत्त्यासोबत पॉडचं आणि नोडचं नाव असतं. त्याचा कंट्रोलर ताळा घेत राहतो आणि ज्याचा पॉड उरलेला नाही असा पत्ता डिफॉल्ट १५ मिनिटांच्या मुदतीनंतर परत घेतो. यंदाच्या पावसाळ्यातही वीज तशीच गेली; पत्ते संपले नाहीत. आमच्यापुरतं एवढंच मोजमाप आहे, जास्त दावा करत नाही.

त्रास इथेही आहे. मेमरी जास्त लागते. क्लस्टरच्या नोंदी ज्याच्यामार्फत होतात तो एपीआय सर्व्हर पडला तर नव्या पॉडला पत्ता मिळत नाही. नमुना फाइलमधला पूल (पॉडच्या पत्त्यांची रेंज) १९२.१६८.०.०/१६ असतो, तो तसाच ठेवला आणि पहिल्याच दिवशी पॉडमधून ऑफिसचा प्रिंटर दिसेना, कारण आमचं लॅन त्याच रेंजमध्ये. शिवाय पूल /२४ चाच ठेवलात तर चारच ब्लॉक होतात, आणि पाचवा नोड शेजाऱ्याच्या ब्लॉकमधून पत्ते उसने घेतो. चालतं, पण कुठला पत्ता कुठे हे पाहताना डोकं उठतं. ब्लॉकचा आकार पूल बनवतानाच ठरवा, नंतर तो बदलता येत नाही.

दोन-तीन नोड आणि भरवशाचा यूपीएस असेल तर फ्लॅनेल सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. आमच्याकडे तसा यूपीएस अजून आलेला नाही.