‘ताऱ्यांचे लोक’ मोबाईलवर वाचताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात या वाचन-ॲपची नवी आवृत्ती माझ्या फोनवर आली आणि ‘फोनमधील फॉन्ट वापरा’ हा पर्याय तिच्यातून काढून टाकलेला आढळला. ही गोष्ट ज्यांना किरकोळ वाटेल त्यांच्यासाठीच मी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वर्षाची ३९९ रुपये वर्गणी मी जूनमध्ये भरली ती केवळ ‘ताऱ्यांचे लोक’ या एका कथेसाठी, आणि त्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द मला चार आठवड्यांपासून धड वाचता येत नाही. भाग उतरवून कसे ठेवावेत, जाहिराती कशा बंद होतात, हे सर्व वापरणाऱ्यांना ठाऊकच आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

कथा इंग्रज लेखक टोल्किनच्या कादंबऱ्यांतल्या एल्फांवरची, म्हणजे त्याने कल्पिलेल्या अमर लोकांवरची आहे; दुसऱ्याच्या सृष्टीवर वाचकाने रचलेल्या अशा कथेला फॅन फिक्शन म्हणतात. लेखिका खानापूर तालुक्यातल्या आहेत. दर गुरुवारी रात्री एक भाग येतो. आजवर ३४ भाग झाले असून ४० भागांत कथा संपवण्याचा त्यांचा विचार आहे. टोल्किन १९७३ साली वारले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, म्हणजे २०३३ संपेपर्यंत ती सृष्टी दुसऱ्याच्या मालकीची आहे, तेव्हा तिच्यावर आपण एक पैसाही मिळवू नये, असे लेखिकेचे स्पष्ट मत आहे. त्यामुळे कथा सर्वांना विनामूल्य वाचता येते. मी वर्गणी भरली ती जाहिराती नकोत, भाग उतरवून ठेवता यावेत आणि मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज मिळावा म्हणून. माझ्या आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, ती ऐकते.

टोल्किनच्या एल्फांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत ‘एल्दार’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘ताऱ्यांचे लोक’ असा आहे. सूर्य-चंद्र अजून निर्माण झाले नव्हते तेव्हा कुइव्हिएनेन नावाच्या जलाशयाकाठी ते जागे झाले आणि त्यांना सर्वप्रथम तारे दिसले. साहजिकच या कथेत तारा हा शब्द पानोपानी येतो, आणि मराठीत त्याला विभक्ती लागली की ‘ताऱ्याला’, ‘ताऱ्यांनी’, ‘ताऱ्यांखाली’ असा तो आखूड, कोयत्यासारखा अर्धा र आलाच. पहिल्या दिवसापासून ॲपमध्ये या प्रत्येक ठिकाणी ‘तार्यांचे’ असे दिसत होते. वाऱ्याचा ‘वार्याचा’ झाला होता, पायऱ्यांच्या ‘पायर्या’ झाल्या होत्या, आणि एल्फांच्या ऱ्हासाचे जे करुण वर्णन चौथ्या भागात आहे, तिथे रफार ‘ह’च्या डोक्यावर चढून बसला होता.

मी बेळगावातल्या एका छापखान्यात तेवीस वर्षे मुद्रितशोधक होतो. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवण्याच्या काळात या अर्ध्या ऱसाठी आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणात, वेगळे घर असे, आणि त्या घरातले खिळे संपले तर काम थांबवून दुसऱ्या जुळवलेल्या पानांचे खिळे सुटेपर्यंत वाट पाहिली जाई. रफार लावून वेळ भागवण्याची मुभा कोणालाही नव्हती. ‘आचार्याला बोलवा’ आणि ‘आचाऱ्याला बोलवा’ यांत एकदा गुरुजी येतात आणि एकदा स्वयंपाकी येतो, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. त्यामुळे पहिले पाच भाग वाचून मी मनातल्या मनात लेखिकेलाच दोष दिला. कथा उत्तम, पण शुद्धलेखनाकडे लक्ष नाही, असे माझे मत झाले आणि ते मी दोन-तीन वाचकांपाशी बोलूनही दाखवले. ते माझे चुकले, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

आम्ही नऊजण ही कथा वाचतो. कोणी निपाणीचे, कोणी शहापूरचे, एक बाई चिकोडीहून येतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या व्हरांड्यात आम्ही जमतो आणि ऑगस्टपासून लेखिकाही खानापूरहून बसने येऊ लागल्या. त्या पहिल्याच बैठकीत सहाव्या भागावरून मोठा वाद झाला. कथेची नायिका ही देशोधडीला लागलेल्या नोल्डोर या कुळातल्या एल्फांपैकी एक भरतकाम करणारी आहे. त्या भागाच्या शेवटी ती म्हणते की, आपले घर दर्यांपलीकडे राहिले. निपाणीच्या वाचकांनी यावर पाऊण तास मांडणी केली की, नायिकेला समुद्र ओलांडून व्हालिनोरला, म्हणजे नोल्डोरांनी सोडलेल्या देशी, परतायचे आहे, पण नोल्डोरांना तर परतीची वाट बंद आहे, मग पुढे कथा जाणार कुठे? लेखिका शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी आपली वही उघडून ते वाक्य दाखवले. वहीत ‘दऱ्यांपलीकडे’ असे होते. नायिकेला मागच्या हिवाळ्यात सोडलेले डोंगरातले घर आठवत होते. समुद्राचा तिथे संबंधच नव्हता. “काका, मी बरोबरच लिहिते हो,” त्या मला म्हणाल्या, आणि मला फार ओशाळल्यासारखे झाले. माझ्या आईनेही तो भाग ऐकताना विचारले होते, “अरे, मध्येच दर्या कुठून आला?” तेव्हा मी तिला, गोष्ट आहे, येतो कुठूनही, असे उत्तर दिले होते.

दोष कुठे आहे ते शोधायला मला तीन आठवडे लागले. अर्धा ऱ दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत र, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह अशी रचना असते; दुसऱ्या रीतीत खाली टिंब असलेले स्वतंत्र ऱ हे अक्षर वापरतात. लेखिकेचा कीबोर्ड पहिल्या रीतीने लिहीत होता, आणि भाग चढवताना हे ॲप मजकूर ‘साफ’ करण्याच्या नावाखाली ती सर्व अदृश्य चिन्हे पुसून टाकत होते. चिन्ह गेले की उरतो तो र्य. सप्टेंबरपासून लेखिकेने दुसरी रीत धरली. त्यावर ॲपच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये त्या अक्षराचे अर्धे रूपच नसल्याचे उघड झाले, त्यामुळे ‘ताऱ्‌यांचे’ असा पाय मोडलेला पूर्ण ऱ आणि त्याच्या शेजारी सुटा य दिसू लागला. सुदैवाने तेव्हा फोनमधला फॉन्ट निवडण्याची सोय होती आणि त्यात अक्षर अगदी सुबक उमटत असे.

इथे माझे ॲपविषयीचे मत बरेच बदलले, कारण दुसरी रीत धरल्यापासून वाचून दाखवणारा आवाज एकदम शुद्ध बोलू लागला. तो फॉन्टकडे पाहत नाही, अक्षराच्या संकेतांकडे पाहतो. ‘दर्या’ म्हणताना द वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. हा फरक त्या यंत्राच्या आवाजाला कळतो, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. खानापूर रस्त्याला आमचे घर आहे, पावसात तास-दीड तास वीज जाते, आणि अशा वेळी आई अंधारात पलंगावर बसून सतरावा भाग ऐकत होती आणि ‘ताऱ्यांखाली’ हा शब्द आला तशी पुटपुटत तो पुन्हा म्हणत होती. त्या एका संध्याकाळीच माझे ३९९ रुपये वसूल झाले, असे मी तेव्हा म्हटले होते.

एका अक्षरासाठी इतके का, असे मला बैठकीतही विचारण्यात आले. त्याचे उत्तर याच कथेत आहे. टोल्किनने नोल्डोरांच्या क्वेन्या भाषेविषयी एक विलक्षण प्रकरण लिहून ठेवले आहे. जीभ दातांना टेकवून फुंकर घातल्यासारखा येणारा एक जुना उच्चार नोल्डोर सोडून देऊ लागले आणि त्याजागी स म्हणू लागले. राजपुत्र फेआनोरची आई मीरिएल ही भरतकामात अद्वितीय होती आणि तिचे नावच ‘थेरिंडे’, म्हणजे भरतकाम करणारी, असे होते. ती त्याच्या जन्मानंतर गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले, आणि लोक तिला ‘सेरिंडे’ म्हणू लागले. फेआनोरला तो आईचा अपमान वाटला. जो स म्हणेल तो आपला नव्हे, अशी त्याची भूमिका झाली, आणि घर फुटण्याच्या अनेक कारणांत या एका उच्चाराचीही भर पडली. एल्फांची लिपीही त्याच फेआनोरची, आणि तिच्यात त्या उच्चारासाठी अक्षर आहे. आमच्या लेखिकेची नायिका ही मीरिएलच्या हाताखाली शिकलेली, आणि आपल्या बाईंचे नाव ती मरेपर्यंत जुन्या उच्चारानेच घेते. मराठीत त्या ध्वनीला अक्षर नसल्यामुळे लेखिका थ लिहितात. चिकोडीच्या बाईंनी त्यावर आक्षेप घेतला होता की आपला थ वेगळा आहे, आणि लेखिकेने तो मान्य करून अकराव्या भागापासून वाक्यातच उच्चाराचे वर्णन गुंफायला सुरुवात केली.

आमच्या बैठकीत सर्वांत गंभीर चर्चा झाली ती बाविसाव्या भागावर. नोल्डोरांनी अल्क्वालोन्दे या बंदरात आपल्याच जातभाईंची कत्तल केल्याचे सिंदार या दुसऱ्या एल्फ-कुळाच्या थिंगोल राजाला कळते आणि तो आज्ञा देतो की, आपल्या राज्यात नोल्डोरांची भाषा उघडपणे बोलू नये आणि तिच्यात कोणी बोलले तर सिंदार लोकांनी उत्तरही देऊ नये. हा प्रसंग मूळचाच आहे. लेखिकेने त्यात एवढेच जोडले की नायिका बाजारात सुई मागते आणि विकणारी तिच्याकडे पाहत राहते, पण बोलत नाही. बेळगावात बसून हे वाचताना कोणाच्या मनात काय येते ते सांगायला नको. निपाणीचे वाचक थिंगोलवर फार संतापले. लेखिका म्हणाल्या की, मारले गेले ते त्याच्या सख्ख्या भावाचे लोक होते, त्याचे दुःख खरे आहे, आणि सुई न मिळालेल्या बाईचेही खरे आहे. मला दोन्ही लिहायची आहेत. मला हे उत्तर पटले. पुढच्याच भागात त्यांनी जे केले ते मात्र मला सुचले नसते. सिंदारांच्या भाषेत तो हरवलेला जुना उच्चार जिवंत आहे, थिंगोलच्या नावाची सुरुवातच त्याने होते. ज्या राजाने तिची भाषा बंद केली त्याच्याच नावात नायिकेला आपल्या बाईंच्या नावातला पहिला ध्वनी ऐकू येतो आणि ती रस्त्यात थांबते. या भागासाठी मी लेखिकेला उभे राहून नमस्कार केला.

आमच्या शेजारी कन्नड शिकवणारे एक निवृत्त सर राहतात. मराठी ते सहज वाचतात. माझी ही ऱची तक्रार त्यांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी सांगितले की जुन्या कन्नडमध्येही दोन र होते, त्यांपैकी कठीण र ला शकटरेफ म्हणत, आणि पुढे तो उच्चार साध्या र मध्ये मिसळून गेला व अक्षर वापरातून गेले. मराठीतल्या, खाली टिंब असलेल्या ऱचा उपयोग द्राविडी भाषांतला तोच ध्वनी देवनागरीत लिहिण्यासाठीही होतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले. त्यांनी एका जुन्या काव्याच्या पुस्तकात ते अक्षर बोट ठेवून दाखवले. मी तेवीस वर्षे ज्या अक्षराचे खिळे मोजत होतो त्याचा शेजारच्या घराशी असा संबंध असेल, याची मला कल्पना नव्हती. लेखिकेला मी ही माहिती दिली आहे आणि ती कथेत कशी येते ते पाहायचे आहे.

आता जानेवारीच्या आवृत्तीकडे. फोनचा फॉन्ट निवडण्याची सोय गेली, ॲपच्या फॉन्टमध्ये अर्धा ऱ अजूनही नाही, म्हणजे वर्गणी भरूनही मी सप्टेंबरच्या आधीच्या अवस्थेत परत आलो. मी ग्राहक सेवेला तीन वेळा लिहिले. पहिले उत्तर असे की, पाठवलेल्या चित्रात अक्षर व्यवस्थित दिसत आहे. दुसऱ्या उत्तरात फोनची भाषा हिंदी करून पाहण्याचा सल्ला होता. हिंदीत या अक्षराची गरजच पडत नाही, हे मी दोन परिच्छेदांत समजावून दिले, दहा उदाहरणे जोडली. तिसऱ्या उत्तरात तक्रार निकाली काढल्याचे कळवले. उरलेल्या चार महिन्यांचे १३३ रुपये परत मागितले, तर सात दिवसांनंतर वर्गणी परत मिळत नाही असा नियम दाखवला. नियम असेल, पण सोय मध्येच काढून घेतली ती त्यांनी, मी नव्हे. जूनमध्ये मी वर्गणी पुन्हा भरणार नाही. कोणी केवळ ऐकण्यासाठी घेत असेल तर त्याने अवश्य घ्यावे, आवाज आजही निर्दोष आहे आणि आई रोज ऐकते. वाचण्यासाठी घेऊ नये.

दरम्यान लेखिका प्रत्येक नवा भाग मला आदल्या दिवशी फाइल करून पाठवतात. मी तो एकदा तपासतो आणि खडेबाजारातल्या दुकानात नऊ प्रती काढतो. दोन रुपये पान, सहा पाने, म्हणजे माणशी बारा रुपये पडतात, आणि ते कोणी देण्यात कुरकुर केलेली नाही. या गुरुवारच्या ३४ व्या भागात ‘ताऱ्यांचे’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. अकराही ठिकाणी पेन्सिलीने खूण करून पाहिले. सगळीकडे नीट उमटला आहे.