‘थ्री-बॉडी’वर थांबायचं की ‘डार्क फॉरेस्ट’ घ्यायचं?

चिनी विज्ञानकथालेखक लिऊ त्सिशिनचं ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ वाचून झालंय आणि पुढचा जाडजूड भाग घ्यावा की नाही, या विचारात असाल तर बिनधास्त घ्या. या मालिकेतलं खरं मोठं पुस्तक ‘द डार्क फॉरेस्ट’च आहे.

पहिलं पुस्तक कमी नाहीच. २०१५ साली त्याला ह्यूगो हा विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला, अनुवादित कादंबरीला पहिल्यांदाच. इंग्रजी आवृत्तीची सुरुवात १९६७ची. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या एका भरसभेत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला चार शाळकरी मुली पट्ट्यांनी मारून टाकतात आणि त्यांची मुलगी ये वेनजिए ते बघत असते. पुढे ती परग्रहाला उत्तर पाठवते, तेव्हा तिचा राग येत नाही, इतकी ती आपल्याला कळलेली असते. असं पात्र दुसऱ्या भागात नाही. पण ज्याच्या मागे आपण पुस्तकभर फिरतो तो वांग मियाओ मात्र कोडी सोडवण्यापुरताच उरतो. शिवाय लेखक माहिती दडवून ठेवतो आणि शेवटी पानंच्या पानं समजावून सांगतो.

दुसऱ्या भागात तो नेमकं उलट करतो. पहिल्याच प्रकरणात एक मुंगी थडग्यावर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतून चालतेय आणि शेजारी ये वेनजिए लुओ ची नावाच्या एका बेफिकीर प्राध्यापकाला दोन गृहीतकं सांगतेय: टिकून राहणं ही प्रत्येक संस्कृतीची पहिली गरज; आणि संस्कृती वाढत राहते, पण विश्वातलं द्रव्य तेवढंच राहतं. उत्तराची किल्ली इथेच वाचकाच्या हातात दिलेली आहे. तरीही शेवटी कुलूप उघडतं तेव्हा आपण थक्क होतो. मला यातच त्याची खरी झेप दिसते.

मधली कल्पनाही जबरदस्त. ये वेनजिएनं ज्यांना उत्तर पाठवलं त्या परग्रहवासी शत्रूंचं आरमार चार शतकांच्या अंतरावर आहे, पण त्यांचे सोफॉन, म्हणजे प्रोटॉनएवढे हेर-संगणक, पृथ्वीवरचा प्रत्येक शब्द ऐकतात, प्रत्येक कागद वाचतात. फक्त मनातलं त्यांना कळत नाही. म्हणून चार माणसांना अमाप साधनं दिली जातात आणि बेत कुणालाही न सांगण्याची मुभाही. मग ते जे काही बोलतील, त्यावर विश्वास ठेवायचा कसा? एक अनोळखी माणूस त्यांच्यातल्या एकाच्या दारात येतो आणि त्याचा सगळा डाव शांतपणे त्यालाच ऐकवतो, तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

खटकणारंही आहे. लुओ चीच्या मनातली काल्पनिक प्रेयसी सरकारी यंत्रणा शोधून आणून देते, हा भाग लांबलेला आहे आणि त्या बाईला स्वतःचं मन असं दिलेलंच नाही. पहिला अर्धा भाग संथही आहे. तिथे सोडू नका. पुढे आरशासारखं गुळगुळीत, थेंबाच्या आकाराचं एक यान येतं आणि त्याच्या स्वागताला २ हजारांच्या घरात जहाजं रांगेत उभी राहतात. याहून जास्त सांगत नाही.

इतिहास आणि ये वेनजिए यांतच जीव गुंतला असेल, तर पहिल्यावर थांबलात तरी चालेल. नेटफ्लिक्सची २०२४ची मालिका बघून थेट दुसरं उचलणार असाल, तर तसं करू नका. मालिकेनं कथा बरीचशी लंडनला नेलीय आणि पुढच्या भागांतले धागेही आधीच ओढलेत, त्यामुळे पहिलं वाचावंच लागेल. तिसऱ्या भागाची मात्र घाई नाही, कारण दुसऱ्याचा शेवट स्वतःपुरता पूर्ण आहे.